शेगडीचा सरंजाम

आमच्या जावईबुवांचा दिवाळसण राहून गेला, तो गेलाच. लग्न झाले त्याच वर्षी मुलगी आणि जावई अमेरिकेला गेले आणि त्यांची पहिली दिवाळी तिकडेच झाली. आमच्या सौभाग्यवतींनी हौसेने घेऊन ठेवलेला चांदीचा पेला कपाटात काळा पडत राहिला आणि अखेर नातीच्या बारशाला उजळून तिलाच दिला गेला. या गोष्टीला तपाहून अधिक काळ लोटला. माझ्या मते प्रकरण कालबाह्य झाले होते. पण जावयाची स्मरणशक्ती सावकाराच्या वहीसारखी असते. गेल्या वर्षी आम्ही उभयता दिवाळीला अटलांटा शहरी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा पहिल्याच सकाळी चहाचा कप हाती देता देता ते म्हणाले, “बाबा, आमचा दिवाळसण तुमच्याकडे बाकी आहे. यंदा वसूल करणार.”

“व्याज किती?” मी विचारले.

“व्याज माफ. पण वस्तू तुम्ही निवडायची.”

असे म्हणून ते मला परसात घेऊन गेले. तिथे एका लोखंडी घडवंचीवर एक प्रचंड अंडे बसवलेले होते. पुराणातल्या गरुडाचे शोभावे एवढे. अंगाला काचेसारखी हिरवी झिलई, खाली एक सरकते दार, माथ्यावर एक फिरती झडप आणि पोटाशी बिजागरीवर उघडणारे झाकण. जावईबुवांनी दोन्ही हातांनी झाकण वर केले. आत जाड भाजक्या मातीच्या भिंती, तळाशी भोकाभोकांची कोठी, तीत कोळसे आणि त्यांवर लोखंडी जाळी.

“ही कामाडो,” ते म्हणाले.

“ही शेगडी,” मी म्हणालो.

“शेगडीच म्हणा. पण नुसत्या शेगडीने भागत नाही. सोबतच्या वस्तू लागतात. त्यांतल्या कोणत्या घ्याव्यात हे तुम्ही ठरवा. शेगडीवर वाढलेले तुम्ही, शिवाय इतिहासाचे मास्तर.”

आणि त्यांनी माझ्या हाती एक सूचिपत्र ठेवले. ते चाळता चाळता माझा चहा निवाला. जाळ्याच आठ-दहा तऱ्हेच्या. एकमजली, दुमजली, अर्धचंद्राकृती. मातीच्या ताटल्या, दगडी पाट, चिमटे, हातमोजे, राख ओढायची खुरपी, जाळी उचलायचे आकडे, कोळसा पेटवायचे नळकांडे, विजेची तापकाडी, उष्णतामापक, मांस फिरवायची सळई, पावसाळी अंगरखा आणि कोंबडीला उभे करून भाजण्यासाठी एक सिंहासन! मराठेशाहीत फौज बाळगण्यासाठी सरदाराला जो मुलूख लावून देत त्याला सरंजाम म्हणत. घरगुती बोलीत कुठल्याही कामाला लागणाऱ्या साहित्यालाही आपण सरंजामच म्हणतो. पण सरंजाम कित्येकदा मूळ कामाहून मोठा होऊन बसतो, आणि मग धनी कोण व चाकर कोण हे कळेनासे होते. मराठ्यांच्या इतिहासात हे झाले आहे, शेगडीच्या इतिहासात का होऊ नये?

मी आठ दिवसांची मुदत मागितली. वस्तू उपयोगाची की मिरवण्याची, हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा तिच्या पूर्वजांना विचारावे, अशी माझी जुनी खोड आहे.

* * *

माझ्यापुरते पाहायचे तर शेगडीचे पूर्वज पुण्यातल्या आमच्या वाड्यात होते. स्वयंपाकाला चूल होती. चहाला, दूध तापवायला, पापड भाजायला आणि आजारपणात शेकायला शेगडी. पत्र्याची, आतून माती लिंपलेली, मध्ये जाळी आणि खाली राखेचे दार. तिचा सरंजाम पाच वस्तूंचा : लोखंडी चिमटा, पितळी फुंकणी, वारा घालायला वहीचा पुठ्ठा, पातेले उतरवायला सांडशी आणि झाकणाचे एक मडके. काम संपले की आई उरलेले निखारे चिमट्याने उचलून त्या मडक्यात टाकी आणि वर झाकण ठेवी. सकाळी तेच कोळसे पुन्हा शेगडीत. पाणी मारून कोळसा विझवणारी बाई आमच्या आजीच्या मते उधळी.

शेगडी आपल्या देशाला फार जुनी. अमरकोशात तिला अंगारधानिका, अंगारशकटी, हसन्ती अशी नावे आहेत. अंगारशकटी म्हणजे निखाऱ्यांची गाडी. शकटी आणि शेगडी हे शब्द शेजारी ठेवले की त्यांचे नाते निराळे सांगावे लागत नाही. आणि हसन्ती म्हणजे हसणारी. अंधाऱ्या माजघरात फुललेले निखारे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे नाव कोणी समजावून द्यायला नको.

परंतु जावईबुवांच्या परसातले अंडे या घराण्यातले नव्हते. त्याचे कुलवृत्त शोधायला जपानात जावे लागते.

कामाडो हा शब्द जपानी आणि त्याचा अर्थ सरळ चूल. फार पूर्वी जपानी माणूस घराच्या मधोमध जमिनीत विस्तव ठेवी आणि धूर सगळ्या घरभर फिरे. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास कोरियाकडून आलेल्या लोकांबरोबर तिथे भिंतीलगतची मातीची चूल आली. तिच्या पुढल्या तोंडातून सरपण सारायचे, वरच्या भोकावर भांडे बसवायचे आणि मागल्या वाटेने धूर घराबाहेर. तेव्हापासून घर ओळखायची खूण म्हणजे छपरावरचा धूर. इ. स. ७२० मध्ये पुऱ्या झालेल्या ‘निहोन शोकी’ या ग्रंथात निन्तोकू राजाची एक कथा आहे. राजाने उंचावरून राज्याकडे नजर टाकली, तर लोकांच्या घरांवर धूर दिसेना. चुली पेटत नाहीत म्हणजे शिजवायला काही नाही, हे त्याने ओळखले आणि तीन वर्षे कर माफ केले. स्वतःचा वाडा गळू लागला तरी डागडुजी केली नाही. तीन वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा घराघरांवर धुराचे लोट उठत होते. कथा किती खरी, हा वाद विद्वानांचा. पण चुलीच्या धुरावरून प्रजेची स्थिती ओळखणारा राजा लोकांना कल्पावासा वाटला, एवढे तरी खरेच.

मला याहूनही मौज वाटली ती एका वाक्प्रचाराची. भाऊ वेगळे झाले, म्हणजे आपण म्हणतो, त्यांनी वेगळी चूल मांडली. जपानी भाषेत त्याला कामाडो वाटून घेणे म्हणतात! दोन भाषांची तोंडे एकमेकींकडे कधी वळली नसतील. पण घर फुटते ते चुलीपाशी, हे दोघींनाही ठाऊक.

* * *

चुलीची शेगडी झाली, कारण शहरे झाली. एडो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीच शतकांत, दाटीवाटीच्या वस्तीत लाकडाच्या धुरापेक्षा कोळसा सोयीचा पडला आणि ‘शिचिरिन’ नावाची हातात उचलून नेण्याजोगी मातीची शेगडी घरोघर गेली. शिचिरिन म्हणजे सात रिन. रिन हे चिल्लर नाणे, आणि सात रिनांच्या कोळशात काम भागे म्हणून हे नाव, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. काटकसरीची बायको तशी काटकसरीची शेगडी.

या शेगडीची माती नामांकित. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर नोतो नावाचे द्वीपकल्प आहे, त्याच्या टोकाला सुझू गाव. तिथल्या जमिनीत डायॅटम नावाच्या अतिसूक्ष्म जलवनस्पतींच्या सांगाड्यांचे थर साचले आहेत. ही माती इतकी सच्छिद्र की तिच्यात माती थोडी आणि हवा फार. भुयारातून तिचे ठोकळे कापून काढायचे, छिन्नीने कोरून शेगडी घडवायची आणि मग भाजायची. छिद्रांतली हवा उष्णतेला बाहेर येऊ देत नाही. आत निखारा लाल असतो आणि बाहेरून शेगडीला हात लावता येतो. १ जानेवारी २०२४ रोजी झालेल्या मोठ्या भूकंपात या सुझू गावाची भयंकर हानी झाली. जी माती घरोघरचा विस्तव सांभाळी, तिच्याच गावाला धरणीने सांभाळले नाही.

आता या शिचिरिनचा सरंजाम पाहा. ‘हिबाशी’ म्हणजे निखारे उचलायच्या लोखंडी काड्या. हा आपला चिमटा. ‘हिफुकिदाके’ म्हणजे बांबूची नळी. ही आपली फुंकणी. ‘उचिवा’ हा हातपंखा, आमचा पुठ्ठा. ‘जूनो’ हे निखारे एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचे दांड्याचे फावडे. आमच्या वाड्यात शेजारणी विस्तव मागायला येत तेव्हा ते काम पळीकडे असे. ‘गोतोकु’ ही निखाऱ्यांवर ठेवायची लोखंडी तिवई, ‘आमी’ ही भाजायची तारेची जाळी. आणि ‘हिकेशी-त्सुबो’ म्हणजे निखारे विझवून ठेवायचे झाकणाचे मडके! हे वाचले तेव्हा मला आई आठवली. जपान कुठे आहे हे तिला नकाशावर दाखवता आले नसते. पण तिचे मडके तिथल्या बाईने ओळखले असते.

एक कोळसा सोडला, तर या साऱ्या यादीत निखारा पेटवणे, फुंकणे, उचलणे, त्यावर भांडे तोलणे आणि अखेर तो विझवणे, याबाहेरचे एकही काम नाही. आणि जपान्यांनी खरा पैसा ओतला तो त्या कोळशात. वाकायामा प्रांतातला ‘बिंचोतान’ ओकाच्या एका चिवट जातीपासून करतात. भट्टीत लाकूड सावकाश जळू द्यायचे, शेवटी हवा आत सोडून उष्णतामान हजार अंशांपलीकडे चढवायचे आणि धगधगता कोळसा बाहेर ओढून ओलसर राख-मातीखाली दडपायचा. त्याच्या दोन कांड्या एकमेकींवर आपटल्या तर धातूसारखा नाद निघतो. चहाविधीत तर कोळसा रचणे हाच एक स्वतंत्र विधी आहे. पाहुणे विस्तवाजवळ सरकून यजमान कोळसा कसा मांडतो ते निरखतात, आणि कडेची राख झाडायला यजमानाच्या हाती पक्ष्याचे पीस असते. शेगडीची एवढी अदब आम्ही कधी केली नाही, हे कबूल केले पाहिजे.

या घराण्यात पुढे ‘मुशिकामाडो’ जन्मली. मुशी म्हणजे वाफवणे. ही भात शिजवायची घुमटाकार मातीची शेगडी. आत कोळसा, त्यावर भाताचे भांडे आणि सगळ्यावर मातीचे झाकण. खाली दार, वर झडप. भात उकळला की दोन्ही बंद करायची; हवा कोंडली की विस्तव मरतो आणि राहिलेल्या उष्णतेवर भात वाफेने मुरतो. थोडक्यात, शेगडी आणि विझवायचे मडके यांचे लग्न लागून हे अपत्य झाले. जावईबुवांच्या परसात बसलेले अंडे याच अपत्याचे वंशज.

१९४५ साली जपान शरण गेला आणि १९५२ पर्यंत अमेरिकेचे सैन्य तिथे ठाण मांडून राहिले. परतणाऱ्या कित्येक शिपायांनी ही भाताची शेगडी घरी नेली. भाताशी त्यांना कर्तव्य नव्हते; झाकणाखाली भाजलेले मांस रसाळ राहते, एवढे त्यांना उमगले. जपानात मात्र १९५५ च्या डिसेंबरात तोशिबा कंपनीने विजेवर आपोआप भात शिजवणारे भांडे बाजारात आणले आणि थोड्याच वर्षांत घरोघरची मातीची चूल उठली. ज्या वस्तूला सासरी मान मिळू लागला, तिला माहेरी जागा राहिली नाही.

१९७४ साली एड फिशर नावाच्या गृहस्थाने या शेगड्या विकण्याचा धंदा सुरू केला, तो याच अटलांटा शहरात. ‘बिग ग्रीन एग’ या नावाने ती कंपनी पुढे जगभर गेली. आरंभीच्या शेगड्या साध्या मातीच्या. काही वर्षे तापून निवून त्यांना तडे जात. नंतर तडे न जाणारी पक्की भाजकी माती आली, झिलई आली, बिजागरी आली. आणि सरंजाम आला.

* * *

एवढी तयारी करून मी पुन्हा सूचिपत्र उघडले. आता गोंधळ उरला नव्हता. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा : तू कोणाच्या जागेवर आली आहेस?

तीन पायांची मातीची जाड ताटली पहिल्या फेरीतच निवडली गेली. ती निखारे आणि जाळी यांच्या मध्ये उभी राहते आणि सरळ वर येणारी आच अडवून चोहोकडे पसरवते. ती घातली की शेगडीची भट्टी होते. पाव भाजता येतो, शंभर-सव्वाशे अंशांवर तासन्‌तास मंद शिजवता येते. ती काढली की निखाऱ्यावर वांगे भाजा, कणीस भाजा. एका वस्तूने शेगडीला दुसरा जन्म मिळतो. गोतोकुची ही नात म्हणायला हरकत नाही. दगडी पाट हवा तो रोज पाव-पिझ्झा करणाऱ्याला. आमच्याकडे पोळ्या तव्यावर होतात.

लांब दांड्याचा चिमटा हवाच. जाळी उचलायचा आकडाही हवा, कारण ताटली घालायची-काढायची म्हणजे तापलेली जाळी हलवणे आले. मनगटाच्या वरपर्यंत येणारे जाड हातमोजे हवेत. पदराने भांडे उतरवायच्या हिकमतीपायी आमच्या घरातल्या किती बायकांचे हात पोळले, ते मी पाहिले आहे. राख ओढायची खुरपी हवी, कारण राखेने तळाची भोके बुजली की वरची झडप कितीही उघडा, निखारा फुलत नाही. आणि कोळसा लाकडाचा, खड्यांचा हवा. दाबून केलेल्या वड्यांची राख फार. पेटवण्याचे तेल तर शेगडीला लावूच नये; मातीची छिद्रे ते पितात आणि पुढे प्रत्येक पदार्थ रॉकेलची आठवण देतो.

उष्णतामापक दोन असतात. झाकणावरचा घुमटातल्या हवेची उष्णता सांगतो, पदार्थाच्या पोटातली नव्हे. कोंबडी भाजायची तर तिच्या जाड भागात खुपसायचा दुसरा मापक घ्यावा. ७४ अंशांवर काटा गेला की खुशाल वाढावी. आजी मांसाहारी नव्हती, नाहीतर हे काम तिने नुसत्या वासावर केले असते.

आता राहिला सर्वांत महागाचा मानकरी. खालच्या दाराशी बसवायचा एक इवलासा विजेचा पंखा. त्याची तार आत जाऊन उष्णतामान मोजते, कमी पडले तर पंखा वारा घालतो, पुरले की थांबतो आणि सारी खबर मोबाइलवर कळवतो. ही फुंकणीच; फक्त तिला आता फुंकणारा लागत नाही. रात्रभर मांस शिजवायचे आहे त्याला ती झोप देईल, हे मान्य. परंतु खालचे दार बोटभर आणि वरची झडप कांडभर, एवढा अंदाज चार वेळा बसून पाहिला की हाताला येतो. नव्या माणसाने पहिल्याच दिवशी पंखा लावला तर हा अंदाज त्याला कधीच येणार नाही. मी पंख्यावर फुली मारली. सिंहासनावरही मारली. सळई, दुमजली जाळी, अर्धचंद्र, सगळे बाद.

विझवायचे मडके कुठे दिसेना. मग उमगले की ती शेगडी स्वतःच मडके आहे. वरचे-खालचे दार लावले की निखारा विझतो आणि कोळसा उद्याला उरतो. पाणी मात्र तिच्यात कधी ओतू नये. तापल्या मातीला तडा गेला तर तो मिटत नाही. आणि दार लावून मंद ठेवलेल्या विस्तवाचे झाकण एकदम उघडू नये. कोंडलेला निखारा हवेला भुकेला असतो. भस्सकन ज्वाळा तोंडावर येते. आधी झाकण दोन बोटे उचलायचे, क्षणभर थांबायचे, मग उघडायचे.

यादी तयार झाली. दिवाळसण आटोक्यात आला म्हणून मी मनातून खूष होतो. आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाऊस आला.

* * *

संध्याकाळी वीस-पंचवीस मंडळी जेवायला यायची होती. वांगी आणली होती, कणसे आणली होती, कोंबडी आदल्या रात्रीपासून दह्या-मसाल्यात मुरत होती. आभाळ गळत होते. दुपारी खाली चाकांचा आवाज आला म्हणून पाहतो, तर जावईबुवा आणि त्यांचा एक मित्र शेगडी ढकलत मोटारीच्या खोलीत नेत होते. खोली घराला लागून. तिला आतून घरात उघडणारे दार, आणि त्या दाराच्या वर नातीची निजायची खोली.

“इथे पेटवणार?” मी विचारले.

“हो. बाहेरचे दार अर्धे उघडे ठेवतो की, बाबा. आणि कोळशाला धूर कुठे असतो?”

जावयाला सासऱ्याने चारचौघांत अडवू नये, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. मी तो आजवर पाळला होता. त्या दिवशी मोडला. मित्राला चहाला आत पाठवले आणि जावयांना तिथल्याच एका खोक्यावर बसवून जी गोष्ट मी मुलीलाही कधी सांगितली नव्हती ती सांगितली.

१९५७ सालचा आषाढ. मी नऊ वर्षांचा होतो. आई बाळंतीण होऊन आठवडा झाला होता. माझी धाकटी बहीण तिच्या कुशीत. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून माजघरापलीकडची अंधारी खोली, तिची एकुलती एक खिडकी लावलेली आणि फटींत चिंध्या कोंबलेल्या. बाजेखाली शेगडी. त्यात ओवा-शेपांची धुरी देऊन झाली, की नुसते निखारे तसेच राहत. सकाळपासून आई म्हणत होती, डोके दुखते, खिडकी जरा उघडा. आजी म्हणाली, पाऊस आहे, बाधेल. धूर तर मुळीच नव्हता. निखारे छान फुलले होते. दुपारी आजीने मला सांगितले, आईला लापशी हवी का विचारून ये. मी दार ढकलून आत गेलो, हाक मारली. आई बोलली नाही. तिचे गाल लाल दिसत होते. मला वाटले, गाढ झोपली आहे. बाळही निजले होते. मी परत येऊन सांगितले, झोपलीय. आजी हातातले काम करीत राहिली. मग काय वाटले कोण जाणे, तिने विचारले, “बाळ रडत होते का रे?” मी म्हटले, नाही. “मुटकुळे करून निजले होते, की हातपाय टाकून?” मी म्हटले, हातपाय टाकून.

आजी उठली ती धावतच गेली. मी तिला धावताना त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिले नाही. तिने खिडकी उघडायचा प्रयत्न केला. पावसाने फुगलेली फळी निघेना, तेव्हा बत्त्याने फोडली. शेजारच्या काकांनी आईला बाजेसकट उचलून ओसरीवर आणले. पावसाचे शिंतोडे दोघींच्या तोंडावर येत होते आणि कोणी त्यांना आडोसा केला नाही. बाळ आधी रडले. आईने डोळे उघडायला पुष्कळ वेळ घेतला. ती वाचली, पुढे पंधरा दिवस डोके धरून बसे. माझी ती बहीण आज पुण्यात नातवंडांना दटावत असते.

काय झाले होते ते मला फार पुढे, शाळेत रसायनशास्त्र शिकताना कळले. कोळशाला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. माणूस गुदमरत नाही. त्याला झोप येते. लाकडाचा धूर डोळे झोंबवतो, खोकला आणतो, दार उघडायला लावतो. निन्तोकूच्या प्रजेची चूल छपरावरून साऱ्या मुलखाला वर्दी देत होती. निखारा वर्दी देत नाही. जी सुधारणा आपण धूर गेला म्हणून केली, तिने धुराबरोबर पहारेकरीही घालवला. दार अर्धे उघडे असले तरी त्या खोलीतला वायू घरात शिरायला पुरेसा असतो.

आजी त्या प्रसंगाबद्दल कधी बोलली नाही. आम्हीही तिला विचारले नाही. पण त्यानंतर घरात शेगडी पेटवायची तर आधी ती स्वतः उठून खिडकी उघडी आणि मगच कोळशाला हात लावू देई. फोडलेल्या खिडकीला नवी फळी कधी बसली नाही. नुसते गज राहिले.

जावईबुवा काही बोलले नाहीत. त्यांनी माडीकडे, नातीच्या खोलीच्या बाजूला, एकदा पाहिले. मग उठून शेगडीला हात घातला. मित्राला हाक मारून दोघांनी ती पुन्हा परसात, घरापासून चांगली दूर नेली. शेगडीला झाकण होतेच. पावसाने तिचे काय बिघडणार होते? बिघडायचे ते आचाऱ्याचे. तेव्हा आचाऱ्याला छत्री दिली.

त्या रात्री भरीत झाले, कणसे झाली, कोंबडीही उत्तम झाली, असे खाणारे म्हणाले. मी खिडकीतून पाहत होतो. जावईबुवा एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन उभे होते; छत्री बहुतेक वेळ शेगडीवर आणि स्वतः पावसात. झाकण उघडताना मात्र ते आधी दोन बोटेच उचलीत होते. त्यांच्याजवळ आमची नात रेनकोट घालून उभी होती आणि आपल्या चांदीच्या पेल्यातून आजीने केलेले मसाला दूध पीत होती.

पाडव्याला मी दिवाळसण फेडला : मातीची ताटली, चिमटा, आकडा, हातमोजे, खुरपी, मांसाचा उष्णतामापक आणि चांगल्या कोळशाची एक गोणी. शिवाय सूचिपत्रात नसलेली एक वस्तू मी मुलीला सोबत घेऊन दुसऱ्या दुकानातून आणली. तळहाताएवढी पांढरी डबी. हवेत तो वायू आला की ती ओरडते. घरात एक आधीपासून होती. ही दुसरी नातीच्या खोलीबाहेर लावली.

“हे शेगडीच्या सामानात धरायचे का, बाबा?” जावईबुवांनी हसत विचारले.

“नाही,” मी म्हणालो. “हे व्याज.”